सोनकांबळेसाहेबांचे पाहुणे

सोनकांबळेसाहेबांना डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नाही आणि उजव्या कानानं फक्त मराठी ऐकू येतं.

थट्टा नाही. तारनाक्याच्या त्यांच्या गल्लीत भाजीवाला तेलुगूत घसा फोडून ओरडला तरी ते पेपरातून मान वर काढत नाहीत. मोबाईल वाजतो, कुकर शिट्ट्या मारतो, साहेब शांत. पण चारमिनारच्या भर बाजारात, अत्तरवाल्यांच्या हाका आणि मोटारसायकलींचा कल्ला चालू असताना लांब कुठंतरी एखादी बाई "अगं थांब की, चप्पल तुटली" म्हणाली, की साहेब जागच्या जागी थबकतात. मान तिरकी करतात. उजवा कान वाऱ्यावर धरतात. आणि गर्दीतून वाट काढत थेट त्या तुटक्या चपलेपाशी जाऊन उभे राहतात.

"जयभीम, नमस्कार, आदाब. यातलं तुम्हाला चालेल ते घ्या. गाव कोणतं?"

मी आणि साहेब रेल्वेच्या एकाच ऑफिसात होतो. ते मला बरेच सीनियर. ते आधी रिटायर झाले, मग मी. त्यांचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यात, मुखेडच्या अंगाला. आमचं कुलकर्णी घराणं मात्र निजामाच्या अमलात वकिली करायला मलकपेठेत येऊन बसलं ते बसलंच. त्यामुळं माझी मराठी ही अशी. "खिडकी बंद करून टाका", "परेशान होऊ नका", "जल्दी चला". साहेब म्हणायचे, "कुलकर्णी, तुमची मराठी म्हणजे शेरवानीवर पागोटं."

माझ्याकडं गाडी होती, रविवार मोकळा होता. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला. साहेबांना हे सगळं पक्कं ठाऊक होतं. फेब्रुवारी लागला, युनिव्हर्सिटीतल्या सावरीची पानं गळून लाल फुलं दिसायला लागली, की त्यांचा फोन यायचा.

"कुलकर्णी, हवा चांगली पडलीय. गाडी काढा."

हैदराबाद बघायचे दिवस हेच. सकाळी अंगाला गार लागतं, दुपारचं ऊन अजून सोसवतं. उगादी, म्हणजे आपला पाडवा, उलटली की शहराचा तवा होतो. मराठवाड्यातली माणसंही हे जाणतात. लग्नाचा बस्ता, दवाखाना, देवदर्शन, काहीतरी निमित्त काढून ती याच दिवसांत येतात आणि एक दिवस फिरायला ठेवतात. तो एक दिवस साहेब त्यांच्याकडून काढून घ्यायचे.

आता तुम्हाला वाटेल, साहेबांना या शहराच्या इतिहासाची मोठी ओढ असणार. छे. गोवळकोंड्याच्या दरवाजात टाळी वाजवली की वर टोकाच्या बालेहिसारापर्यंत ऐकू जाते, एवढं एकच त्यांना माहीत. उदगीरच्या एका मास्तरांनी विचारलं, "हा किल्ला नेमका बांधला कुणी?"

"गवंड्यांनी," साहेब म्हणाले. "ते असू द्या. तुमच्याकडं मेथीच्या भाजीत दाणे घालतात का डाळ?"

मास्तर किल्ल्याकडं बघत होते आणि साहेब मास्तरांच्या तोंडाकडं. साहेबांनी किल्ला बघितलेला मला कधी आठवत नाही. पायऱ्या चढताना ते पाहुण्यांना दमू द्यायचे नाहीत, कारण दमलेला माणूस बोलत नाही. कुणी फोटो काढायला थांबलं की अस्वस्थ व्हायचे. "बघायचं मग बघा. आधी बोला तर खरं!"

एकदा हुसेनसागराच्या धक्क्यावर हिंगोलीचं एक जोडपं सापडलं. नवं लग्न. मुलीच्या हातावरची मेंदी अजून ओली वाटावी अशी. साहेब त्यांच्याबरोबर बुद्धाच्या मूर्तीकडं जाणाऱ्या बोटीत चढले आणि बरोब्बर दोघांच्या मध्ये बसले. जाताना मुलीला विचारलं, सासू कशी आहे. येताना मुलाला विचारलं, बायको कशी आहे. दोघंही एकमेकांसमोर काय बोलणार? मूर्तीपाशी तो बिचारा धीर करून म्हणाला, "काका, तुम्ही दमला असाल."

"मी? मी रेल्वेतला माणूस! फिकीर नक्को."

मी साहेबांना बाजूला ओढलं. "साहेब, हनिमूनला आलीत ती."

"मग काय झालं? हनिमूनला बोलत नसतात का?"

लोक संशय घ्यायचे तेही साहजिकच. अनोळखी शहरात एक टोपीवाला म्हातारा गळ्यात पडतो, सगळीकडं फिरवतो, पैसे घेत नाही आणि शेवटी म्हणतो, "आता आमच्या घरी चहा. नाही म्हणायचं नाही." काहींना तो साडीच्या दुकानाचा एजंट वाटायचा, काहींना विम्याचा. लातूरच्या एका बाईंनी तोंडावरच विचारलं, "काका, कमिशन किती मिळतं?" साहेब इतकं हसले की त्यांना ठसका लागला. पण हसता हसता ते गाडीचं दार उघडून धरायला विसरले नाहीत, आणि त्या बाई चहाला गेल्याच.

मी मात्र कधी गेलो नाही. गाडी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, पाहुणे उतरायचे आणि साहेब काचेतून आत वाकून म्हणायचे, "तुम्ही निघा कुलकर्णी. मलकपेठ लांब आहे." मलकपेठ काही तितकी लांब नाही. वहिनींची तब्येत बरी नसते, यादम्मा नावाची एक बाई दिवसभर सोबत असते, एवढं मला माहीत होतं. घर आवरलेलं नसेल, असं मी धरून चाललो. थोडं लागायचंही. दिवसभर गाडी हाकायची मी, आणि चहा हिंगोलीला.

गेल्या मार्चमधला एक रविवार. परीक्षा तोंडावर आलेल्या, होळीही जवळ. गोवळकोंड्यावर गेलो तर कॉलेजची पोरं इंग्रजी आणि तेलुगूत सेल्फी काढत होती. साहेबांनी तिकीटखिडकीपाशी कान लावला. बंगाली, तमिळ, एक गुजराती कुटुंब. चारमिनारला गेलो. तिथं बायका दोन हात भरून बांगड्या घेत होत्या, पण उर्दूत. म्युझियमच्या घड्याळासमोर लोक गोळा झाले होते. ठोके पडले, टाळ्या पडल्या, मराठी शब्द पडला नाही. बेगम बाजारात मसाल्याच्या ठोक दुकानांतून नांदेडचे व्यापारी हमखास भेटायचे. रविवार म्हणून अर्धा बाजार बंद.

"साहेब, आज कुणी नाही. जाऊ घरी."

"अजून एकदा बोटीवर बघू."

बोटीच्या धक्क्यावर ऊन चांगलंच चटकत होतं. साहेबांनी टोपी काढून वारा घेतला. ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग पुन्हा गेले. एका कुटुंबाजवळ थांबून त्यांनी "जयभीम, नमस्कार" एवढं म्हटलं. त्या माणसानं कानडीत काहीतरी उत्तर दिलं आणि मुलाला जवळ ओढलं. साहेब हात जोडून मागं सरले.

परतीच्या वाटेवर साहेबांनी टोपी पुन्हा घातली नाही, मांडीवरच ठेवली. गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. ते उतरेनात.

"कुलकर्णी," ते म्हणाले, "आज तुम्ही चला. जमेल तसं बोला. फक्त ते परेशान-बिरेशान नक्को."

"कुणाशी बोलू?"

"आमच्या मंडळींशी. तिला सांगून निघालो होतो सकाळी, गावाकडचं कुणीतरी येणार आहे म्हणून. वाट बघत असेल."

मग समोरच्या काचेकडं बघत त्यांनी सांगितलं. वहिनी पूर्वी तेलुगूत भाजीवाल्याला रडवायच्या. शेजारच्या बेगमबाईंशी उर्दूत तासन्‌तास बोलायच्या. विसरायच्या आजारात आधी तेलुगू गेली, मग उर्दू. मग हे घर, हे शहर. आता त्यांना माहेर तेवढं आठवतं. यादम्मा तेलुगूत बोलली की त्या भिंतीकडं तोंड करतात. कुणी गावाकडच्या सुरात बोललं की मात्र माणसात येतात. जेवतातसुद्धा.

"पण साहेब, तुम्ही आहात की. तुम्ही त्याच भागातले."

"माझ्याशी बोलत नाही," साहेब म्हणाले आणि गाडीतून उतरले.

घर अगदी नीटनेटकं होतं. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, जरीकाठाची साडी नेसून, केस चापून बसवलेले. साहेबांनी दारातूनच, जरा मोठ्यानं सांगितलं, "गावाकडून आलेत बरं का," आणि ते स्वयंपाकघरात गेले.

वहिनींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वकिलांच्या घरातला मी. कोर्टात उभं राहावं तसा उभा राहिलो.

"सखारामचा का रं तू?"

मी साहेबांकडं पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून ते जोरजोरात होकाराची मान डोलावत होते.

"हो," मी म्हणालो.

"वाटलंच. नाक त्याचंच हाय." त्यांनी खाटेवर हात थोपटला. मी बसलो. "ज्वारी काढली का?"

भाकरीच्या आधी ज्वारीचं काय काय होतं याची मला कल्पना नव्हती. साहेबांनी लांबून हवेत विळा फिरवून दाखवला, मग अंगठा वर केला.

"काढली. सगळी काढली."

"आन कणसं खुडली?"

साहेबांनी तळहात पालथा करून हलवला.

"थोडी राहिलीत," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात."

"बाया मिळत नसतील," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्या बोलायला लागल्या. कुणाच्या बांधावर कुणाचं भांडण, कोणती म्हैस आटली, कुणाच्या लेकीला कुठं दिलं. मी हूं हूं करत होतो. तेवढंही पुरत होतं. सुरुवातीला गोंधळलेला त्यांचा चेहरा पाहता पाहता मोकळा झाला. एका ठिकाणी त्या पदर तोंडाला लावून हसल्या. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता. साहेब गॅस बारीक करून ऐकत उभे होते.

मग ते चहाचा ट्रे घेऊन आले. त्यांना बघताच वहिनींनी चटकन पदर डोक्यावर ओढला आणि अंग चोरून बसल्या. परक्या पुरुषासमोर बसावं तशा. साहेबांनी ट्रे खाली ठेवला, कप त्यांच्या हाताजवळ सरकवला आणि नजर वर न करता मागं जाऊन दाराशी उभे राहिले. त्यांना या सगळ्याची सवय होती.

वहिनी माझ्याकडं झुकल्या आणि आवाज खाली घेतला. त्यांच्या मते तो खालचा होता, प्रत्यक्षात खोलीभर ऐकू जात होता.

"हा माणूस लई चांगला हाय बघ. रोज च्या करून देतो. येणी घालून देतो. कधी वाकडं बोलला न्हाई." त्यांनी दाराकडं चोरून बघितलं. "पण याच्या घरचं कुणीच कसं येत न्हाई रं? बायको-बियको हाय का न्हाई, कुणास ठाऊक. मी इचारलं न्हाई. वाईट वाटंल त्याला."

मी चहाचा घोट घेतला. चहा फार गरम होता, तरी घेतला.

"तू जाशील तवा यालाबी संगं घेऊन जा गावाकडं," वहिनी म्हणाल्या. "चार दिस ऱ्हाईल आपल्यात. मी सांगते माझ्या मायला. इथं एकटाच ऱ्हातो बिचारा."

मी दाराकडं पाहिलं. साहेब खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांत धरून उभे होते. उत्तर मी द्यायचं की त्यांनी, ते मला कळेना. तेवढ्यात तेच बोलले. अगदी हळू आवाजात, पाहुण्यानं यजमानीणबाईंशी बोलावं तसं अदबीनं.

"येईन की. तुम्ही एवढं म्हणताय तर नक्की येईन. आधी तुम्ही चहा घ्या, गार होईल."