याला अर्थच नाही

"परीक्षा म्हणजे काय, नुसती औपचारिकता," साहेबांनी सकाळी बूट घालता घालता जाहीर केलं. साहेब म्हणजे घरातलं धाकटं कार्टं. इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला गेल्यापासून ताईने त्याला ही पदवी आगाऊच बहाल केली होती. आज मॅडम साहेबांचा टाळीचा दिवा तपासणार होत्या. एक टाळी वाजवली की लागणार, दुसरी वाजवली की विझणार. जमलं नाही, तर पुढच्या वर्षी नव्या पोरांच्या शेजारी बसून पुन्हा हाच विषय.

प्रयोगशाळेत दिवा पहिल्याच टाळीला लागला. साहेबांची छाती फुगली. मॅडमनी दिव्याच्या पत्र्याच्या डब्याला टेस्टर टेकवला. टेस्टरही लागला, आणि मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"याला अर्थच नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. एवढी मेहनत, आणि अर्थ नाही?

"असं कसं, मॅडम? माझ्या आजोबांचे गुडघे दुखतात. बटणापर्यंत जायचं तर त्यांना डोंगर चढल्यासारखं होतं."

"ते खरं रे. पण अर्थ कुठे आहे?"

"माणुसकीत आहे, मॅडम."

मॅडम बघतच राहिल्या. त्यांना पाझर फुटला असं समजून साहेब सुटलेच. अंधारात चाचपडणारे आजोबा, एकटे पडलेले म्हातारे, विज्ञानाचं कर्तव्य, काही म्हणता काही सोडलं नाही. मागच्या बाकावर कोणीतरी नाक ओढलं. भाषण संपलं आणि अख्ख्या वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

दिव्याने प्रत्येक टाळी मनावर घेतली. लागला, विझला, लागला, विझला. पोरांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी आणखी जोर लावला. "अरे, टाळ्या थांबवा!" साहेब ओरडत होते, पण त्या गोंगाटात ऐकतो कोण? शेवटी दिव्याने फट्‌ करून मान टाकली.

मॅडमनी खणातून हिरव्या वायरीचा तुकडा काढून साहेबांच्या हातात ठेवला. "अर्थ म्हणजे अर्थिंगची वायर, बाळा. जमिनीत जाते ती. आजोबांनी हा डबा धरला असता तर दुखऱ्या गुडघ्यांनी नाचले असते. सोमवारी लावून आण, मग बघू."

संध्याकाळी ताई दारातच उभी होती. "काय साहेब, पास?"

"अजून नाही. मॅडम म्हणाल्या, अर्थ नाही."

"बाई हुशार दिसतात," आजोबा खुर्चीतून म्हणाले. "एका भेटीत ओळखलं." मग अंधारून आलेलं पाहून ते टुणकन उठले, आणि स्वतःच जाऊन दिवा लावून आले.