म्हातारीचा माज

"मंगळवारी बाराच्या बारा माजावर येणार! नाही आल्या तर शेडचं नाव काढणार नाही!" सूनबाईने बाळ कडेवर घेऊनच सासऱ्यांना ठणकावलं.

"डुकरिणी आहेत त्या. शिट्टी मारली की कवायत करतील होय?" सासरे हसले. "बारा आल्या तर शेड तुझी. एक जरी चुकली तर माझ्या पद्धतीने चालायचं."

"कबूल!"

कॉलेजात शिकलेलं सोपं होतं. सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी दुधापासून तोडायची, की पाचेक दिवसांत सगळ्या एकदम माजावर येतात. मग विणार एकदम, पिल्लं एका वयाची, काम एका दमात. विसरायला नको म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहिलं: 'गुरुवार – सगळ्यांचं दूध तोडणे. मंगळवार – म्हातारीचा माज नीट बघणे. पाठ दाबणे. गप्प उभी राहिली तर नर आणणे.'

गुरुवारी पिल्लं वेगळी झाली. शेडमध्ये असा कल्लोळ, जणू शंभर दारं एकदम करकरतायत! सूनबाई दिवसातून दहादा फेरी मारी. दुपारी तेवढी बाळाला झोपवता झोपवता स्वतःच घोरे. सासूबाई मात्र गुरुवारपासून तोंडात गुळणी धरून बसल्या होत्या. दात दुखत असेल, असं तिला वाटलं.

मंगळवार उजाडला. पहिलीची पाठ दाबली. खांबासारखी उभी, म्हणजे माजावर! दुसरी उभी! अकरावीसुद्धा उभी! सासऱ्यांचा चेहरा उतरत चालला. एवढ्यात सासूबाई पदर खोचून शेडमध्ये घुसल्या.

"कॅलेंडरवर लिहितेस होय? बघ माझा माज! ये, दाब पाठ! बघते कशी गप्प उभी राहते ती!"

"आई, अहो, म्हातारी म्हणजे ही!" सूनबाईने कोपऱ्यातल्या थोराड डुकरिणीकडे बोट दाखवलं.

"हिचं नाव म्हातारी?"

"मीच ठेवलं. सगळ्यांत जुनी ना ती!"

सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "अगं बाई… मग मी रोज दुपारी हिची पिल्लं हिच्याकडे सोडत होते ते…"

"काय?"

"रागच आला होता! म्हटलं, मला माज म्हणते, आणि वर लेकरांचं दूध तोडते! हिचीच पिल्लं फार रडत होती गं."

सूनबाईने म्हातारीची पाठ दाबली. म्हातारीने तिला घाणीत बसवलं आणि ती निघून गेली.

"एक चुकली," सासरे म्हणाले.

"एक चुकवली!" सूनबाई बसल्या जागेवरून कडाडली. "अकरा माझ्या पद्धतीने आल्यात. शेड मी सोडणार नाही!"

"चूक माझी आहे," सासूबाई नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "शेड तिचीच. कोण नाही म्हणतंय बघू!"

सासऱ्यांनी हात जोडले. "माझं काय जातंय? चार महिन्यांनी अकराजणी एकाच आठवड्यात विणतील. बाळंतपणं कोण करणार?"

"मी!" ती ताडकन म्हणाली.

मग तिने मनात आकडा मांडला. अकरा बाळंतिणी, शंभराच्या वर पिल्लं, आणि तेव्हा नुकतंच पळायला लागलेलं स्वतःचं एक.

"आई," ती अंग झटकत हळूच म्हणाली, "ही बाळंतपणं उरकेपर्यंत माझ्यावर रागावू नका हं."