खाली बसणारा कोट

सीलसाहेबांनी त्या दिवशी दुपारीच घरी जायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

सीलसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पार्सल ऑफिसात आलेल्या प्रत्येक खोक्याचं सील कुणी फोडलंय का, हे बघायचं काम त्यांच्याकडे होतं. ते काम अंगात इतकं भिनलं होतं, की घरी दुधाची पिशवीसुद्धा ते कानाशी हलवून मगच आत घेत. (पिशवीने आजवर काहीच कबूल केलं नव्हतं, पण म्हणून माणसाने बेसावध राहावं की काय?)

तर या गृहस्थांना काही दिवसांपासून स्वतःच्याच लांब कोटाचा संशय येत होता. उकाड्याचे दिवस, त्यामुळे कोट खुंटीला. पण संध्याकाळी बघावं तर बाहीला खडूचा डाग, खिशात पेपरमिंटचा कागद, आणि टांगलेला भलत्याच खुंटीवर. म्हणजे आपण ऑफिसात असताना आपला कोट दुसराच कुणी घालतो. बायकोला आडून विचारलं, तर तिने आधी कोटाकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठाचं टेन्शन काय कमी आहे, असं म्हणून विषय बदलला. विषय बदलला म्हणजे पाणी मुरतंय, हे सीलसाहेबांनी ताबडतोब ओळखलं.

पाठाचं टेन्शन मात्र खरं होतं. बाई तिसरीच्या वर्गावर शिकवत, पण अजून तात्पुरत्या. शुक्रवारी एक अधिकारी पाठ बघायला येणार होते. पसंत पडला तर कायम, नाही तर घरी. त्यात वाट्याला आलेला विषय असा, की प्रत्यय लागला की शब्दातला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. मूल, पण मुलाला. फूल, पण फुलाला. हा नियम फळ्यावर लिहून लिहून खडू झिजले, तरी पोरं आपली ‘मूलाला’ लिहायची ती लिहायचीच. बाईंची झोप उडाली होती. आणि नवरा त्याच वेळी कोटाची कॉलर हुंगत होता.

दुपारी सीलसाहेब जिना चढून आले. दारालगतच्या खिडकीला दुधी काच होती. त्यांनी काचेला नाक लावलं. आत एक उंच माणूस उभा होता. अंगात त्यांचाच कोट. सीलसाहेब दचकले, पायरीवर त्यांचा बूट वाजला, आणि तो माणूस झटकन खाली बसला. ते श्वास रोखून थांबले. माणूस पुन्हा उभा राहिला. त्यांनी खाकरून पाहिलं. माणूस पुन्हा खाली. एवढा सराईतपणा एका दिवसात येत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांना रागही आला आणि खरं तर रडूही आलं.

एकट्याने आत शिरावं तर समोरचा आपल्यापेक्षा हातभर उंच. म्हणून ते खाली दुकानात गेले आणि शिंप्याला म्हणाले, साक्षीदार म्हणून चला, काय आहे ते विचारू नका. शिंप्याने मापाची टेप गळ्यातच ठेवली आणि बिचारा मागोमाग आला. सीलसाहेबांनी आपल्या किल्लीने दार उघडलं, डोळे मिटले आणि “सापडला” म्हणत कोटावर झेप घेतली.

कोट किंचाळला. स्टूल उलटलं. कॉलरमधून दोन वेण्या बाहेर आल्या.

“बाबा,” वेण्या शिंप्याकडे बघून म्हणाल्या, “मी ‘मूल’मधला दीर्घ ऊ आहे.”

भिंतीशी बाई आणि वर्गातली आणखी चार पोरं चिकटून बसली होती, पोरांच्या गळ्यात पाट्या. दीर्घ स्वर कोट घालून स्टुलावर उभा राहायचा. ‘ला’च्या पाटीने येऊन बाही धरली, की स्वराने खाली बसायचं. बाईंनी ही युक्ती स्वतः शोधली होती. सकाळची शाळा सुटल्यावर रोज घरी तालीम चाले. नवऱ्याला सांगितलं असतं तर कोटासाठी हजार प्रश्न आले असते, म्हणून सांगितलं नव्हतं.

शिंपी काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याने पोरीला उचललं आणि जाताना सगळ्या गल्लीला सांगितलं, की वरचे साहेब कोटातली पोरं धरतात. संध्याकाळपर्यंत वर्गातलं एकही मूल त्या कोटात शिरायला तयार होईना.

बाई भांडल्या नाहीत. उलट्या स्टुलाजवळ बसून राहिल्या.

“कायम व्हायची इतकी वर्षं वाट बघितली मी,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला एकदा विचारावंसं वाटलं नाही, की घरात काय चाललंय?”

“मी आडून विचारलं होतं.”

“सरळ विचारायचं होतं.”

सीलसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने बाईंनी डोळे पुसले, नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि कोट त्यांच्या हातात दिला.

शुक्रवारी सीलसाहेब तिसरीच्या वर्गापुढे कोट घालून स्टुलावर उभे राहिले. गळ्यात ‘ऊ’ची पाटी. ‘ला’ येऊन बाही धरी, की ते खाली बसत. ‘ला’ गेला, की पुन्हा वर. गुडघे कडाकडा वाजत होते आणि पोरं हसून लोळत होती. मग पाट्या पुसून सगळ्यांनी लिहिलं: मुलाला, फुलाला, दुधाला. एकही चूक नाही. अधिकारी खूश होऊन उठले.

सीलसाहेब त्या वेळी खालीच होते, कारण गुडघ्यांनी वर यायचं नाकारलं होतं. अधिकारी बाईंशी हळू आवाजात काय बोलतात, म्हणून त्यांनी तिथूनच कान टवकारले.

“कायम झालात असं समजा,” अधिकारी त्यांच्याकडे बोट दाखवत म्हणत होते. “पण मला साधन विशेष आवडलं. टाकाऊपासून टिकाऊ करणं सगळ्यांना जमत नाही.”