नंबर कोणी दिला?

कमानिया गेटजवळच्या एका दुकानावर ‘शहर की नंबर एक जलेबी’ अशी पाटी आहे. घाटेकाका तिथं स्कूटर थांबवतात, जलेबी खातात, बोटं पुसतात आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारतात, “भैया, ये नंबर किसने दिया?” तो हसतो. काका हसत नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं असतं.

बँकेतून माझी जबलपूरला बदली झाली, सिविल लाइंसमध्ये घर मिळालं, आणि गोल्फच्या मैदानाकडे सकाळी फिरायला जाताना काकांची ओळख झाली. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पिढ्यान् पिढ्या इथलेच. उंच, जरासे पुढं झुकलेले, डोक्यावर फिकट पडलेली टोपी. गोल्फ खेळतात यथातथाच. चेंडू झाडीत गेला की शोधायला जातात आणि एखाद्या पक्ष्याचं ऐकत तिथंच उभे राहतात. मागचे लोक ओरडले की दचकून म्हणतात, “अच्छा, खेळायचं होतं नाही का!”

पण जगातल्या उत्तम मैदानांची क्रमवारी कुठल्या मासिकात छापून आली, की हाच माणूस पेटून उठतो. समोर कर्नलसाहेब असतात. ते मूळचे सातारचे, निवृत्तीनंतर इथंच राहिलेले. खेळून झाल्यावर चहाच्या टेबलावर दोघांची जुंपते.

“मैदान किती अवघड आहे, ते मोजता येतं,” कर्नलसाहेब म्हणतात. “त्याला रेटिंग आहे. अवघड तेवढं श्रेष्ठ. विषय संपला.”

“कठीण म्हणजे चांगलं काहून? बड़ा फुहाऱ्याच्या चौकात संध्याकाळच्या गर्दीत गाडी चालवणं सगळ्यात कठीण. मग तो काय जगातला एक नंबरचा रस्ता झाला?”

“मग तुम्ही कशावर मार्क देणार, घाटे?”

काका बशीतला चहा तसाच ठेवून लांब बघतात. “चालता चालता माणूस आपोआप गप्प झाला पाहिजे. अन् शेवट आला की वाटलं पाहिजे, अरे, एवढ्यात?”

कर्नलसाहेब कपाळावर हात मारतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलावर येतात.

यंदाच्या उन्हाळ्यात कर्नलसाहेबांनी बेत आखला. स्कॉटलंडला जायचं, समुद्रकाठच्या एका मैदानावर. मासिकानं त्यालाच पहिला नंबर दिला होता. काकांची जागा त्यांनी न विचारताच धरली होती. ज्या मैदानांवरून काका इतकी वर्षं भांडत आले, त्यांतलं एकही त्यांनी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माणूस उड्या मारेल.

काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “त्या मैदानाला पहिला नंबर म्हणजे अंधेर आहे. नुसती वाळू अन् वारा. मी नाही येत.”

“घाटे, तुम्ही नसलात तर तिथं मी भांडू कोणाशी?”

“चुकीच्या नंबरासाठी मी समुद्र ओलांडत नसतो,” काका म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर ते चहाला यायचे बंद झाले. शेवटी कर्नलसाहेबांनी मला गळ घातली. “तुम्ही जाऊन समजवा. माझं ऐकायचे नाहीत.”

मी दुपारी गेलो. त्यांच्या घरी जायची ही पहिलीच वेळ. दार नुसतं लोटलेलं होतं. कूलर घरघरत होता, खसचा ओला वास येत होता, हिरव्या पडद्यांमुळे खोलीत पाण्याखाली असल्यासारखा उजेड होता. आतून काकांचा आवाज आला, “जरा सांभाळून. इथं उतार आहे.”

खिडकीजवळ पलंगावर काकू डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांची उजवी बाजू लकव्यानं गेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. काका अनवाणी, अगदी सावकाश पलंगाभोवती चालत होते.

“डावीकडं समुद्र आहे,” ते सांगत होते. “वारा लय सुटला. पदर धरून ठेव. चेंडू राहू दे, सापडेल. ते बघ, पक्षी कसे उडून राहिले!”

काकूंचे ओठ हलले. शब्द अर्धवट आला, तरी समजला. “थांबू.”

“थांबू की. कोणाला घाई आहे?” काका पलंगाच्या कडेला बसले, आणि तेव्हा त्यांना मी दिसलो.

ते ओशाळले नाहीत. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “आधी कुठं कुठं नेलं हिला. कुठं फार ऊन लागलं, कुठं चढ होता. दमून जायची. इथून मात्र परत निघतच नाही.” मग दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “कर्नलला सांगू नका. नंबर बरोबर आहे. हेच पहिलं आहे.”

मी मान हलवली. कर्नलसाहेबांना काय सांगायचं, ते नंतर बघता आलं असतं. काकांनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. काकू डोळे मिटूनच होत्या. वाऱ्याकडे तोंड करावं तशी त्यांनी मान किंचित वळवली. आम्ही तिघं तिथं बराच वेळ बसून राहिलो. कोणी काही बोललं नाही.