चिठ्ठीशिवाय ॲडमिशन

निरवांगीच्या सुप्रियानं घरात जाहीरच करून टाकलं, "माझी ॲडमिशन एकाही पुढाऱ्याच्या चिठ्ठीबिगर होणार!" अर्ज होता समाजशास्त्राच्या एम.ए.चा, पुण्याच्या एका संस्थेत. सोबतच्या निबंधातही तिनं तोच विषय फाडून काढला होता: आपल्याकडं ऊसतोडीपासून नोकरीपर्यंत चिठ्ठीवाचून पान हलत नाही, ही कीड मुळातून काढली पाहिजे!

एकच चूक केली बाईनं. जेवताना बोलून गेली, "दोन शिफारसपत्रं लागत्यात."

"दोनच?" सावळारामचा, म्हणजे तिच्या बापाचा, घास हातातच राहिला. "मंग काल सांगायचं न्हाय का!"

"आबा, कॉलेजातल्या सरांची लागत्यात. ती आणल्यात मी. तुमी काय बी करू नका!"

पण लेकीसाठी काहीच करायचं नाही, हे सावळारामला कसं जमावं? अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सुप्रियाला लोणी देवकरच्या कंपनीत सुट्टी मिळेना. फाईल बापाच्या हाती देऊन ती कामावर गेली. बाप फाईल घेऊन आधी साखर कारखान्याच्या संचालकांकडं गेला. मग विरोधी पॅनेलवाले रुसायला नकोत, म्हणून त्यांच्याकडंही गेला! दोन्ही चिठ्ठ्या फाईलीत सगळ्यात वर. इंदापुरात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या गोकुळनं बघितलं, पत्रांना जागा दोनच. त्यानं वरच्या दोन चढवल्या. सरांची पत्रं फाईलीतच राहिली!

हे सुप्रियाला कळलं फेब्रुवारीत, थेट मुलाखतीला बसल्यावर. समोर तीन प्राध्यापक. मधल्या सरांनी चष्मा पुसून वाचलं, "'सदर अर्जदार आपल्या विचाराचे असून यांचा ऊस प्राधान्याने तोडावा.' हे काय आहे?"

संचालकांच्या कारकुनानं नाव तेवढं बदललं होतं, बाकी मजकूर रोजचाच! सुप्रियाच्या अंगाची लाही लाही झाली. बापाचा राग, गोकुळचा राग, त्या कारकुनाचा तर विचारूच नका. शुद्ध बोलायचं ठरवून आली होती, तेही विसरली.

"फाडा ती, सर!" ती ओरडलीच. "आमच्या आबांना वाटतं चिठ्ठीबिगर पोरीचं काय व्हतच न्हाय! त्याच्यावरच तर मला शिकायचंय! दोन वर्षं पगार साठवलाय मी ह्याच्यासाठी. मार्क बघा, निबंध बघा, आन् न्हाय पटलं तर सरळ न्हाय म्हणा!"

कडेच्या वृषाली मॅडमनी मान डोलावली. सर एवढंच म्हणाले, "यादी शुक्रवारी लागेल."

बाहेर पायऱ्यांवर सुप्रिया फणफणत बसली. घरी गेल्यावर बापाला काय काय ऐकवायचं, ते मनात जुळवत होती. तेवढ्यात मागून वृषाली मॅडम आल्या. इकडंतिकडं बघितलं.

"छान बोललीस गं. अगदी ठणकावून!" मग आवाज एकदम खाली आला. "ते संचालक... खरंच ओळखीतले आहेत का? माझं माहेर सांगवीचं, त्याच कारखान्याच्या हद्दीतलं. दादाचा ऊस अजून उभाच आहे बघ. तुरे आलेत, तोडायला टोळीच मिळेना."

सुप्रियाला असा संताप आला, असा संताप आला, की वाटलं मॅडमना सगळा निबंध इथंच मोठ्यानं वाचून दाखवावा. तोंडही उघडलं तिनं. मग शुक्रवार आठवला. दात-ओठ खात तिनं फोन लावला.

"आबा, मी तुमच्याशी बोलणार न्हाय! जल्मात बोलणार न्हाय!"

"बरं."

"...ते संचालक घरी हायत का?"

"हायत की!" पलीकडून सावळारामचा आवाज एकदम खुलला. "एक आणू का दोन?"