दातांत धरलेला चौक

शाळेच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस माझंच, हे मी आधीच जाहीर करून टाकलं होतं. बाकीच्यांनी खुशाल ज्वालामुखी बनवावेत! माझ्याकडे आत्या होती.

आत्या म्हणजे चालतंबोलतं पोस्टकार्डांचं संग्रहालय! कुठेही गेली की तिथलं चित्रकार्ड आणणार आणि मागे पेन्सिलीने त्याची सगळी कुंडली लिहिणार. ‘चहाचा डाग : सासूबाई, बोटीवर.’ ‘कोपरा दुमडला : नवरा, भांडणात.’ सगळ्यांत जुनं कार्ड मात्र आमच्याच चौकाचं. घड्याळाचा मनोरा, कारंजं, घोडागाडी!

माझा बेत साधा होता. त्याच जागेवरून, त्याच कोनातून आजचा फोटो. तेव्हा आणि आता!

“ने,” आत्या म्हणाली, “पण ओरखडा जरी आला, तर प्रदर्शनात तुलाच टांगीन.”

“आत्या, माझ्यावर विश्वास नाही?”

“तुला चांगली ओळखते, म्हणून सांगतेय.”

ती नेमकी जागा निघाली केशकर्तनालयाच्या उतरत्या पत्र्यावर. नशीब बघा, तिथे शिडी लावलेलीच होती! पाट्या रंगवणारे काका खाली डबा धूत होते. चढायला दोन्ही हात हवेत, म्हणून मी कार्ड दातांत धरलं. वर पोचले. एका हाताने पाटीचा खांब धरला, दुसऱ्या हातात आईचा मोबाइल. खिसा? मुलींच्या कपड्यांना खिसे न शिवणाऱ्यांना मी कधीच क्षमा करणार नाही!

फोटो काढला. वळून बघते तर शिडी गायब! काका ती खांद्यावर टाकून शीळ घालत निघालेले.

“उं! उंऽऽ!”

तोंड उघडलं की कार्ड उडणार. खांब सोडला की मी. मोबाइल सोडला की आई... त्यापेक्षा मी पडलेली बरी!

खाली माणसं जमली.

“अगं बाई, वर कशी गेली ही?”

“नाव काय गं तुझं?”

“उंऽ!”

“वाचा गेली हो पोरीची!”

“धक्का बसलाय. कांदा हुंगवा!”

“तिथे कांदा पोचवणार कोण?”

केशकर्तनकार अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर आले. कुणीतरी अग्निशामक दलाला फोन लावला. मी शिडी गेली त्या दिशेला पायाने खुणा करत होते, तर एक आजी म्हणाल्या, “बघा, झटके येतायत!”

तेवढ्यात गर्दी फोडत आत्या आली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दातांकडे. आणि किंचाळली, “तोंड उघडू नकोस! खबरदार बोललीस तर!”

सगळा चौक तिच्यावर उलटला. “काय बाई आहे! पोर मरतेय आणि ही तिला गप्प बसवते!”

“लाळ गिळ!” आत्या ओरडली. “कार्ड भिजेल!”

शेवटी लाल गाडी आली, घंटा वाजवत. जवानाने मला अलगद उतरवलं. आत्याने आधी कार्ड काढून घेतलं, उजेडात धरलं, फुंकर घातली. मग मला मिठी मारली. क्रम लक्षात घ्या!

मोबाइलमधल्या फोटोत निघाला माझा अंगठा. पूर्ण, स्पष्ट, सुंदर अंगठा! म्हणून प्रदर्शनात एकटं जुनं कार्डच लागलं. तेही बाईंनी दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून काचेत उभं केलं. घोडागाडीकडे कुणी बघेना. सगळी शाळा मागच्या बाजूला गर्दी करून आत्याची ताजी नोंद वाचत होती :

‘वरच्या कडेला दातांचे सहा ठसे : भाची, छपरावर. एक दात किडका. दाखवून घ्यावा.’