पट्टी गेणूबाबांची, स्वारी सगुणाबाईंची

आमच्या हॉस्पिटलात पेशंटची अदलाबदल होऊच शकत नाही! हे मी सकाळच्या चहाला, सगळ्या स्टाफसमोर, छाती ठोकून सांगितलं. एरवी छाती ठोकणं माझ्या स्वभावात नाही. मी भौतिकशास्त्राची पदवीधर, मोजल्याशिवाय बोलत नाही. पण त्या दिवशी राहवलं नाही.

माझं काम पेशंटची ने-आण करण्याचं. वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेहून वॉर्डात, वॉर्डातून ऑपरेशनला. मी म्हणजे सिटी बसच, फक्त प्रवासी एका वेळी एक आणि बहुतेकदा आडवा! नवा नियम माझ्याच सूचनेवरून आला होता. पेशंटच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी असते. तिच्यावर मशीन धरायचं, पडद्यावर नाव उमटलं की निघायचं.

"चेहरा फसवतो, पट्टी फसवत नाही!" मी म्हणाले.

"मग एक आमच्या मेहुण्याला पण बांधा मॅडम," माझे कामातले जोडीदार बारकूमामा म्हणाले. "जेवायच्या वेळेलाच तेवढा सापडतो!"

दुपारी गेणूबाबांना न्यायचं होतं. पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्षबागायतदार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन, पण त्याआधी हृदयाची सोनोग्राफी व्हायलाच हवी. ती करणाऱ्या डॉक्टर उत्तरा दुपारी येतात आणि लगेच दुसऱ्या हॉस्पिटलला पळतात. त्यांनी होकार दिला नाही तर ऑपरेशन रद्द, पेशंट घरी!

आणि घरी जाणं म्हणजे काय, ते त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, आदल्या दिवशीच मला सांगितलं होतं.

"पोरी, दर छाटणीला म्हणते दवाखान्यात चला. हे म्हणत्यात, एवढी छाटणी होऊ दे. छाटण्या झाल्या, आतडं खाली आलं! आता कसेबसे आणलेत. एकदा का माघारी गेले, तर हा माणूस परत यायचा नाय. तेवढं बघ गं."

"तुम्ही काळजीच करू नका आजी," मी म्हणाले होते.

तर आम्ही वॉर्डात गेलो. बाबा डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून, गुंडाळलेल्या सतरंजीसारखे पडलेले. एसीला पहिल्यांदा भेटणारी माणसं अशीच झोपतात. बाहेर फक्त एक हात. मी फक्त पट्टीच पाहिली, तिच्यावर मशीन धरलं. नाव आलं, गेणू अमुकतमुक. छान!

"उठवायचं का?" बारकूमामांनी विचारलं.

"नको. झोपू दे बिचाऱ्यांना. स्ट्रेचरवरच घेऊ."

लिफ्टमध्ये चादर जराशी हलली. "घाबरू नका बाबा, दुखत नाही," मी म्हणाले. चादर दगडासारखी गप्प झाली.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर उत्तरा मशीनकडे तोंड करून बसल्या होत्या. "या बाबा. शर्ट काढा."

चादर आणखी घट्ट झाली.

"लाजू नका हो बाबा! मला रोजचंच आहे."

चादरीच्या आतून बांगड्या वाजल्या.

डॉक्टर वळल्या. मी वळले. चादर हळूच खाली सरकली आणि कपाळावरचं ठसठशीत कुंकू वर आलं.

"मी ते नाय," सगुणाबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "मी त्यांची मंडळी हाय."

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणतंच सूत्र आठवेना.

"आजी! तुम्ही? बाबांच्या कॉटवर?"

"रातभर मी त्या स्टुलावर बसले व्हते ना. कंबर लय धरली. तर हे म्हणले, तू पड जरा, मी च्या घेऊन येतो. मी म्हणले, सिस्टर उठवती नातेवाइकाला. तर त्यांनी आपली पट्टी काढून माझ्या हातात घातली. म्हणले, आता कोण उठवतंय बघू!"

बाबांचा शेतात राबून वाळलेला हात. त्यातून पट्टी बांगडीसारखी निघाली असणार. मी हा विचारच केला नव्हता.

"अहो, पण लिफ्टमध्ये का नाही बोललात?"

"म्हणलं, यांना बोल लागंल." मग त्या किंचित हसल्या. "आन् खरं सांगू का? बरं वाटत व्हतं. जित्तेपणी आडवं घालून कोण नेतं गं आपल्याला?"

डॉक्टर उत्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मला निघावं लागेल. पेशंट लवकर आणा, नाहीतर उद्याचं राहिलं."

सगुणाबाईंचं हसू विझलं. त्यांनी माझा हात धरला. "पोरी, बघ गं."

मी व्हीलचेअर घेऊन धावले. वॉर्डात बाबा नाहीत. कँटीनमध्ये नाहीत. लाउडस्पीकरवरून पुकारा केला, "पेशंट गेणूबाबा, जिथे असाल तिथून तपासणीला या!" कोणी आलं नाही. जिन्यात नाहीत, बाथरूममध्ये नाहीत. शेवटी गेटवरून आरडाओरडा ऐकू आला.

गेटच्या बाहेर गेणूबाबा. धोतर, टोपी, दोन्ही हातांत चहाचे कागदी कप. हॉस्पिटलचे कपडे 'लाज वाटती' म्हणून त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवले होते. गेटच्या आत आमचे वॉचमन सोमनाथ, किल्ला लढवल्यासारखे.

"आरं बाबा, मला पुकारत्यात! मीच तो पेशंट!"

"सगळे असंच म्हणतात, आजोबा. भेटायची वेळ संपली. पेशंट असाल तर पट्टी दाखवा. मॅडमचा नियम आहे!"

आणि त्यांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"सोडा त्यांना!" मी ओरडले. "बाबा, बसा पटकन!"

"बसतो कशाला! आधी सांग, तिला कुठं नेली? कॉट रिकामी, चपला खाली. काय झालं तिला?" हातवाऱ्यांत चहा धोतरावर सांडत होता. टपरीवरून येऊन त्यांनी कॉट पाहिली होती आणि तिला शोधत शोधत थेट गेटबाहेर पोचले होते.

"काही झालं नाही. चुकून नेलं. माझी चूक."

तेव्हा कुठे ते बसले. मी इतक्या वेगाने ढकललं की वळणावर बाबांनी टोपी दातात धरली.

डॉक्टर उत्तरा पर्स खांद्याला लावून दारात उभ्या होत्या. एक नजर बाबांवर, एक चहावर, आणि त्यांनी पर्स खाली ठेवली.

मशीन लावलं. "बाबांचं हृदय एवढं का पळतंय?"

"ती दिसंना ना," बाबा म्हणाले. सरळ, हवामान सांगावं तसं.

सगुणाबाई उशाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याची टोपी नीट केली. आणि पडद्यावरचे ठोके संथ होत गेले. मी स्वतः पाहिले.

"हे यांचं काळीज?" सगुणाबाई पडद्याकडे वाकल्या. "एवढुसं? मंग आवाज एवढा मोठा कुठून निघतो घरात?"

डॉक्टर खळखळून हसल्या. "ठणठणीत आहे. उद्या ऑपरेशन होणार!"

सगुणाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच नवऱ्यावर वसकल्या, "च्या गार केला ना सगळा!"

परतताना नियमाप्रमाणे पेशंटने व्हीलचेअरमध्ये बसायचं.

"बसा बाबा."

"तिची कंबर धरलीय. तिला बसव."

"मी कशाला? पेशंट तुम्ही!"

"तू बस गं!"

"तुम्ही बसा!"

शेवटी दोघं पुढे चालत निघाले, एका गार चहावर भांडत, आणि मागून मी रिकामी खुर्ची ढकलत. लिफ्टपाशी दोघं थांबले. वाटलं, दमले, आता तरी कोणीतरी बसेल.

गेणूबाबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "पोरी, कवाची पळती तू. घामाघूम झालीस. तूच बस जरा."

"हां, बस," सगुणाबाई म्हणाल्या. "लिफ्ट येस्तोवर."

आता तुम्हीच सांगा, दोन वडीलधारी माणसं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालेली. मोडायचं कसं?

मी बसले. ब्रेक मात्र आधी लावून घेतला.